सुकलेलं सील आणि बाटलीतलं औषध

गाडीखाली रात्री पुठ्ठा अंथरायचा आणि सकाळी त्यावरचे डाग बघायचे, ही सवय मला बाबांच्या जुन्या गाडीमुळे लागली. प्रभादेवीला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये लाद्या काळ्या पडायला लागल्या, तेव्हा सेक्रेटरींनी आधी जिन्यात सांगितलं, मग चिठ्ठी पाठवली. गाडी १७ वर्षांची. १५ वर्षं भरल्यावर आरटीओत तपासून पुढच्या ५ वर्षांसाठी पुन्हा नोंदवून घेतलेली. इंजिनाची काही तक्रार नव्हती, फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल टपकायचं.

मेकॅनिक काकांनी गाडी वर उचलून सांध्यावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "मागचं क्रँक सील, इंजिनाचा फिरता शाफ्ट गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथलं रबर. सील काही महाग नाही हो, पण तिथवर हात पोचायला गिअरबॉक्स उतरवायला लागतो. अख्खा दिवस जातो. आधी एक बाटली टाकून बघायची का?"

इंजिन ऑइलमध्ये ओतायच्या, गळती थांबवणाऱ्या औषधाच्या या बाटलीबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चार दुकानं फिरलात तर दोघं तिला जादू म्हणतील, दोघं भंकस म्हणतील. माझं मत असं झालंय की ती काही गळत्यांवर खरोखर चालते, बाकीच्यांवर अजिबात चालत नाही. कुठं चालेल हे रबराच्या तब्येतीवर ठरतं.

रबराला काय होतं ते घरातल्या कुकरवरून चांगलं कळतं. कुकरची नवी रिंग दाबली तर दबते, सोडली की लगेच पूर्ववत होते. पुष्कळ दिवस वाफ खाल्ल्यावर तीच रिंग चपटी आणि कडक होते, झाकणाच्या कडेनं फुसफुस सुरू होते आणि शिट्टी काही होत नाही. रिंग फाटलेली नसते. दबल्यावर पुन्हा उसळून फट भरायची तिची ताकद गेलेली असते.

क्रँक सील ही रबराची कडी, तिला आतल्या बाजूनं एक पातळ ओठ असतो. ओठामागे स्प्रिंगचं बारीक वेटोळं असतं, त्याच्या दाबानं ओठ फिरत्या शाफ्टला टेकून राहतो. शाफ्टचा व्यास ८० मिलिमीटर धरला आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असलं, तर ओठाखालून लोखंड सेकंदाला साधारण साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर वेगानं सरकत असतं. शाफ्ट किंचित थरथरतो, आणि ती थरथर ओठ झेलत राहतो तो लवचीक आहे म्हणूनच.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, जागोजागी एकमेकींना गाठी मारलेल्या. गाठी मोजक्या असल्या की साखळ्या ताणतात आणि परत येतात. उष्णता आणि प्राणवायू मिळून वर्षानुवर्षं नव्या गाठी मारत राहतात, आणि रबर मऊ राहावं म्हणून कारखान्यात मिसळलेलं प्लॅस्टिसायझर हळूहळू ऑइलमध्ये उतरून जातं. सील आक्रसतं, कडक होतं, ओठाची पकड सुटते.

मुंबईत हे लवकर होतं असं मला वाटतं, आणि त्याला साधा हिशेब आहे. ताशी ५० च्या सरासरीनं १०,००० किलोमीटर गेलेल्या गाडीचं इंजिन २०० तास चालतं. तेवढंच अंतर सिग्नल-सिग्नलला थांबत ताशी १५ च्या सरासरीनं कापलं, तर ६६६ तास होतात. मीटरवर आकडा तोच दिसतो, पण सीलनं तिप्पट वेळ उष्णता सोसलेली असते, तीही वारा न लागणाऱ्या बॉनेटखाली.

आता बाटलीत काय असतं ते बघू. त्यासाठी घरी एक प्रयोग करा. साधा रबरबँड इंजिन ऑइलमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. काढाल तेव्हा तो जाडजूड, गुळगुळीत आणि लांब झालेला असेल, आणि ओढलात तर पटकन तुटेल. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल दोघंही हायड्रोकार्बन, त्यामुळे तेल सरळ साखळ्यांच्या मधे जाऊन बसतं. इंजिनात असं रबर एक आठवडाही टिकणार नाही. म्हणून सीलसाठी नायट्राइल रबर वापरतात. त्यात ब्यूटाडाइनच्या जोडीला ॲक्रिलोनायट्राइल असतं. त्याच्या रेणूत विजेचा भार एका बाजूला झुकलेला असतो, आणि असा ध्रुवीय रेणू तेलाला आत फारसं येऊ देत नाही. ॲक्रिलोनायट्राइल जितकं जास्त, तितकं रबर तेलात कमी फुगतं.

म्हणजे सुकलेल्या नायट्राइलला पुन्हा ओलावा द्यायचा तर नुसतं ऑइल कामाचं नाही. थोडा ध्रुवीय स्वभाव असलेलंच काही हवं. एस्टर या जातीची द्रव्यं तशी असतात, आणि अशा बाटल्यांमध्ये बहुधा त्यांचाच उपयोग केलेला असतो. एस्टरचे रेणू ऑइलमधून सीलपर्यंत येतात, साखळ्यांच्या मधे शिरतात आणि निघून गेलेल्या प्लॅस्टिसायझरची जागा घेतात. सील किंचित फुगतं, मऊ होतं, ओठ पुन्हा शाफ्टवर टेकतो. कोरडी पडलेली कोल्हापुरी चप्पल तेल चोळल्यावर मऊ होते, तसंच हे. चप्पलेचा अंगठाच तुटला असेल तर तेलानं तो जोडला जात नाही, हेही तसंच.

या मुरण्याला वेळ लागतो. रबराची जाडी दुप्पट असेल तर आतपर्यंत पोचायला चौपट वेळ, आणि इंजिन गरम असेल तर काम लवकर. बाटली टाकून दुसऱ्या दिवशी पुठ्ठा तपासून निराश होण्यात अर्थ नाही. पाचेकशे किलोमीटर गाडी चालवा, मग बघा. आणि मात्रा बाटलीवर लिहिलेलीच. दोन बाटल्या टाकल्या तर सील जास्त फुगतं, पिलपिलीत होतं आणि ओठ शाफ्टवर घासून झिजतो. रबरबँडचं झालं तेच.

फाटलेलं सील, तडकलेलं पॅकिंग, चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ढिला बोल्ट, झिजून खोबण पडलेला शाफ्ट, यांतलं काहीही बाटलीनं बरं होत नाही. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग तर तासाभरात बदलून होतं, त्यासाठी बाटली घेणं म्हणजे पैसे वाया. नव्या गाड्यांत मागच्या सीलला पुष्कळदा फ्लोरोकार्बन रबर असतं, त्याच्यावर एस्टरचा प्रभाव कमीच पडतो. आमच्या गाडीत बाबांनी मागच्या क्लचच्या कामात साधं नायट्राइलचं सील बसवून घेतलं होतं, म्हणून मला आशा होती.

आणखी एक गोष्ट बाटलीच्या आधी बघायला हवी, ती म्हणजे ब्रीदर. पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो आणि ब्रीदरच्या नळीतून बाहेर खेचला जातो. छोट्या छोट्या फेऱ्यांनी इंजिनात पाणी आणि चिकटा साठतो, नळी तुंबते. मग आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं. गार इंजिन सुरू करा, ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा धरा. तो आत ओढला गेला तर ठीक. फुगून वर उडत असेल तर आधी ब्रीदर साफ करून घ्या.

दोन ठिकाणी मात्र कृपा करून ही बाटली वापरू नका. पहिली जागा ब्रेक. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते ग्लायकोलचं असतं, आणि ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं ईपीडीएम जातीची असतात. ती ग्लायकोलमध्ये सुखानं राहतात, खनिज तेल लागलं की बेसुमार फुगतात. ब्रेक जाम होतील किंवा जातील. दुसरी जागा मोटरसायकल. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए लिहिलेलं असतं, ते क्लच सरकू नये म्हणूनच. त्यात चारचाकीची बाटली ओतली तर क्लच सरकायला लागू शकतो.

एक थेंब ऑइल टपकलं तर एवढं काय, असं मला कुणी म्हणालं की मी हिशेब मांडतो. वीस थेंबांचं एक मिलिलिटर. दर १० मिनिटांनी एक थेंब, तर दिवसाचे १४४ थेंब, म्हणजे ७ मिलिलिटर, महिन्याला २०० च्या वर. पहिल्या पावसात रस्त्यावर जो सप्तरंगी पापुद्रा दिसतो त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तेवढ्या जाडीत एक थेंब फूटभर लादी झाकतो, आणि महिन्याभराची गळती पाच बॅडमिंटन कोर्टांना पुरते. आपल्याकडे पावसाचं पाणी गटारांतून नाल्यात, तिथून खाडीत आणि समुद्रात जातं. दादरच्या चौपाटीवर भरतीच्या वेळी वाळूवर तेलकट रेघ दिसते, तेव्हा मला माझा पुठ्ठा आठवतो.

आमच्या गाडीला बाटली लागू पडली, पण अर्धीच. महिन्याभरात पुठ्ठ्यावरचा डाग बशीएवढा होता तो रुपयाएवढा झाला आणि तिथंच थांबला. पुढं वर्षभरानं क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरलाच, तेव्हा काकांनी जुनं सील उपसून माझ्या हातात दिलं. बाहेरून ते मऊ लागत होतं. ओठावर नख फिरवलं तर एका बाजूला बारीक चीर होती. काकांनी टॉर्च धरून शाफ्ट दाखवला, ओठ टेकायचा तिथं केसाएवढी खोबण पडली होती. नवं सील त्यांनी कडेला ऑइल लावून, लाकडी ठोकळ्यानं चारी बाजूंनी हलके ठोके देत बसवलं, आणि जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर आत सरकवलं, म्हणजे ओठ कोऱ्या लोखंडावर येईल.