चढणीचा मासा आणि टायरची धूळ

सामन माशाची मेलेली मादी सापडली की तिचं पोट चिरून बघायचं. अमेरिकेतल्या सिएटल शहरात, लाँगफेलो ओढ्यात, दर शरदात गमबूट घालून उतरणाऱ्या स्वयंसेवकांचं हे काम. पोट रिकामं निघालं तर अंडी घालून झाल्यावर मेली. पॅसिफिकमधला सामन विणीनंतर मरतोच, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण कोहो जातीच्या मादीच्या पोटात वाटाण्याएवढ्या केशरी अंड्यांची गाभोळी गच्च भरलेली निघाली, तर समुद्रापासूनची सगळी यातायात फुकट गेली.

पहिल्या पावसात ओढे चढून शेतात शिरणारे चढणीचे मासे कोकणात कुणाला सांगायला नकोत. सामनही चढतो, पण थेट समुद्रातून. आणि जिथे जन्मला तोच ओढा हुडकतो, वासावरून. १९५०च्या दशकात आर्थर हॅसलर आणि वॉरन विस्बी या शास्त्रज्ञांनी सिएटलजवळच्या इसाक्वा ओढ्यातले कोहो पकडले, काहींच्या नाकपुड्या कापसाने बुजवल्या आणि सगळ्यांना दोन फाट्यांच्या संगमाखाली सोडलं. नाक मोकळं असलेले बहुतेक आपापल्या फाट्याला लागले. नाक बुजवलेल्यांतले बरेच वाट चुकले.

सिएटलमधल्याच पायपर्स क्रीक या ओढ्याचे स्वयंसेवक या वासावरच विसंबतात. तिथले सामन विसाव्या शतकात नाहीसे झाले होते. आता सुक्वामिश या मूळनिवासी जमातीच्या मत्स्यबीज केंद्रातून चम जातीची पिल्लं आणतात, ओढ्याचंच पाणी खेळवलेल्या तळ्यात काही आठवडे खाऊ घालतात आणि सोडून देतात. तीन-चार वर्षांनी, नोव्हेंबरात, त्यातले काही भलेथोरले होऊन परततात. पिल्लाला दिलेला घरचा पत्ता म्हणजे नुसता पाण्याचा वास, हे मला अजूनही थक्क करतं.

कोहोंनी मात्र सगळ्यांना कोड्यात टाकलं. लोकांनी ओढे साफ केले, काठाला झाडं लावली, मासे परतलेही. आणि जोराचा पाऊस झाला की पृष्ठभागावर आ वासून भेलकांडत काही तासांत मरू लागले. काही वर्षी निम्म्याहून जास्त. त्याच पाण्यात चम तगून राहायचे.

उत्तर मिळालं २०२० साली. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून टायरमध्ये सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन सिक्स-पीपीडी-क्विनोन तयार होतं. झिजलेल्या टायरच्या धुळीतून ते रस्त्यावर साचतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. कोहोला त्याची अगदी थोडी मात्राही पुरते.

इलाज साधा आहे आणि तपासलेला आहे. रस्त्याचं पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडाच्या सालीच्या थरातून गाळून घेतलं, तेव्हा प्रयोगातले कोहो जगले. शहरभरच्या रस्त्यांकडेला असे थर घालायला वेळ लागणार. तोवर दर शरदात सुरी हातात घेतलेला माणूस मादीचं पोट रिकामं निघावं, एवढीच आशा करतो.