पाण्यावर बंदी घालायला निघालेली 43 मुलं
डायहायड्रोजन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, फुफ्फुसात गेलं तर जीव जातो, वाफेने गंभीर भाजतं, लोखंड गंजवतं, अ‍ॅसिड रेनमध्ये सगळ्यात जास्त हेच असतं आणि कॅन्सरच्या गाठीतही सापडतं. 1997 मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात नॅथन झोनर या 14 वर्षांच्या मुलाने शाळेच्या सायन्स प्रोजेक्टसाठी अशी माहिती 50 मुलांपुढे ठेवली आणि विचारलं, बंदी घालायची का? 43 जण हो म्हणाले, 6 जणांचं काही ठरेना, आणि हे साधं पाणी आहे हे फक्त एकाला कळलं.

मुलंच फसतात असंही नाही, 2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलिसो व्हिएहो शहराच्या कौन्सिलपुढे फोमच्या कपांवर बंदीचा प्रस्ताव आला होता आणि त्यात एक कारण हेच दिलेलं, की ते बनवताना डायहायड्रोजन मोनॉक्साइड वापरतात!

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्या यादीत एकही वाक्य खोटं नाही. गाठीत पाणी असतंच, पण निरोगी पेशीतही असतं, मोठ्या माणसाच्या वजनात साधारण 60 टक्के पाणीच असतं, हा अर्धा भाग गाळला की झालं काम. वाफेचंही तसंच, 1 ग्रॅम वाफेचं पाणी होताना जवळपास 2260 ज्यूल उष्णता बाहेर पडते म्हणून ती उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते, हे खरंच आहे, पण त्याचा ग्लासातल्या पाण्याशी काय संबंध?

आणि पाणी पिऊनही माणूस मरू शकतो बरं का. किडनी तासाला साधारण 1 लिटरपर्यंत पाणी बाहेर टाकू शकते, त्याहून खूप जास्त भराभर प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, लिटरला 135 मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात, आणि ते झपाट्याने फार खाली घसरलं तर पाणी पेशींमध्ये शिरून मेंदू सुजायला लागतो, कवटीत पसरायला जागा नसते, मग फिट्स, बेशुद्धी. लांब पळणाऱ्यांमध्ये हे खरोखर घडलेलं आहे. म्हणजे पदार्थ तोच, फक्त प्रमाण बदललं.

म्हणूनच "अमुक पदार्थात फॉर्मल्डिहाइड सापडलं" एवढंच लिहिलेलं फॉरवर्ड वाचून मला राग येतो. फॉर्मल्डिहाइड हे जंतू मारायला वापरतात ते विषारी रसायन खरं, पण ते पेअरसारख्या फळात नैसर्गिकरीत्या असतं, आपलं शरीरही थोडं बनवतं, मग किती सापडलं ते सांगा ना! आर्सेनिक हा पाण्यातला खराखुरा धोका आहे आणि त्याबद्दल जागतिक आरोग्य संघटना नुसतं "विष आहे" म्हणून थांबत नाही, पिण्याच्या पाण्यात लिटरला 10 मायक्रोग्रॅम असा आकडा देते, जो लॅबमध्ये तपासून बघता येतो.