२००० वॅटचा गिझर खरंच २००० वॅटचा असतो का?

गिझरवर २००० वॅट छापलंय म्हणजे तो कायम तेवढेच वॅट घेतो असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तो आकडा २३० व्होल्ट मिळाले तरचा आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडं पारा घसरला की सकाळी सहा-सातला अख्ख्या गल्लीचे गिझर एकदमच चालू होतात, मग कुठले आलेत २३० व्होल्ट.

गिझरमध्ये जवळजवळ न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स, करंटला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात. तो काढायला फार गणित लागत नाही. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणून २००० ला २३० ने भागलं की करंट आला साधारण ८.७ अँपिअर, आणि व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स, २३० भागिले ८.७, म्हणजे साडेसव्वीस ओहमच्या आसपास. आता समजा व्होल्टेज १९० वर आलं. कॉइल तीच आहे, ओहम तेच आहेत, त्यामुळं करंट उतरतो ७.२ वर आणि १९० गुणिले ७.२ केलं की हातात राहतात १३६५ वॅट. म्हणजे व्होल्टेज पडलं १७ टक्के आणि पॉवर पडली ३२ टक्के, कारण व्होल्टेजबरोबर करंटही कमी होतो, दोन्हीकडून मार बसतो. १५ लिटर पाणी १५ डिग्रीवरून ५५ वर न्यायला पूर्ण व्होल्टेजला २१ मिनिटं लागत असतील तर आता ३१ लागतील. गंमत अशी की बिल जवळपास तेवढंच येतं, पाण्याला जेवढी उष्णता लागते तेवढीच लागते, ०.७ युनिट, फक्त बाथरूमबाहेर उभं जास्त राहावं लागतं.

व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स मिळतो, हा नियम जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकानं १८२७ मध्ये मांडला, आणि गंमत म्हणजे त्यालाही व्होल्टेजनंच छळलं होतं. तेव्हाच्या बॅटऱ्या वापरता वापरता उतरायच्या, मग मोजणार कशाच्या भरवशावर? शेवटी त्यानं बॅटरी बाजूला ठेवली आणि दोन वेगळ्या धातूंच्या जोडापासून वीज घेतली, जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दोन्हीकडचं तापमान हलत नाही म्हणून व्होल्टेजही हलत नाही. मला तर त्या सूत्रापेक्षा ही युक्तीच जास्त भारी वाटते.

सगळ्याच वस्तू गिझरच्या कॉइलसारख्या सरळ नसतात मात्र. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब घ्या, हिशोबानं त्याचा रेझिस्टन्स ५२९ ओहम यायला पाहिजे, पण बल्ब काढून थंड असताना मल्टिमीटर लावला तर चाळीसच्या आसपास दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो, टंगस्टनची तार पेटल्यावर इतकी तापते की तिचा रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो. म्हणून तर असे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबल्या दाबल्याच उडायचे, थंड तारेतून पहिल्या क्षणी करंटचा लोंढा जायचा.

आणि मोटार तर पूर्ण उलटं वागते. द्राक्षबागेला पाणी सोडलंय, विहिरीवरची मोटार चालू आहे आणि व्होल्टेज डाऊन झालं, तर गिझरसारखा करंट कमी होईल असं वाटेल, पण वर चढवायचं पाणी तेवढंच आहे ना, तेवढं काम करायला मोटार जास्त करंट ओढते. वाइंडिंगमधली, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळ्यांमधली उष्णता करंटच्या वर्गावर ठरते, त्यामुळं करंट २० टक्के वाढला की आतली गरमी ४४ टक्के वाढते आणि मग रिवाइंडिंगवाल्याकडं चक्कर. मोटारीचे व्होल्ट आणि अँपिअर नुसते गुणले तर खरे वॅट येतही नाहीत, पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे त्यातला खरा कामाला येणारा हिस्सा किती त्या आकड्यानेही गुणावं लागतं. २३० व्होल्ट, ८ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर १४७२ वॅट, १८४० नाही.

करंट बघायला वायरमनकडचा टाँग टेस्टर, म्हणजे चिमट्यासारखा मीटर बरा, वायर कापायला लागत नाही. फक्त तो एकाच वायरभोवती अडकवायचा, दोन्ही वायरी आत घेतल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतो आणि आकडा शून्य येतो. आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून चालू लाइनला कधीच लावू नका, ओहम मोजायचे ते लाइन बंद करून.

आता राहिली केबल, तिचे ओहम लोक धरतच नाहीत. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून विहीर १०० मीटर लांब आहे आणि तांब्याची अडीच स्क्वेअरची (तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) केबल टाकलीय, तर जाऊन-येऊन २०० मीटर तारेचा रेझिस्टन्स दीड ओहमच्या जवळ जातो. ८ अँपिअरला १२ व्होल्ट वाटेतच गेले, ९६ वॅट नुसती तार गरम करण्यात, ते एकवेळ चालून जाईल. पण स्टार्ट होताना मोटार पाचपट तरी करंट मागते, ४० अँपिअर धरा, म्हणजे साठेक व्होल्ट केबलनेच खाल्ले आणि मोटारीपर्यंत पोचले कसेबसे १७०, तेही डीपीवर पूर्ण २३० असतील तर. मग ती नुसती घूं घूं करते आणि उचलत नाही, आणि आपण दोष देतो मोटार सुरू व्हायला मदत करणाऱ्या कपॅसिटरला. तीच केबल चार स्क्वेअरची असती तर साठऐवजी ३७ व्होल्ट गेले असते.