कॅस्करिनो, टोनी

(१ सप्टेंबर १९६२ – ). आयर्लंड प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय संघाचे निवृत्त फुटबॉलपटू, आघाडीचे खेळाडू (स्ट्रायकर). जन्म इंग्लंडच्या केंट परगण्यातील सेंट पॉल्स क्रे येथे. घराणे वडिलांकडून इटालियन वंशाचे. अंगापिंडाने उंच, हेडरमध्ये (डोक्याने चेंडू मारण्यात) वाकबगार. पायांत मात्र वेग बेताचाच.

क्रॉकनहिल या हौशी संघाकडून ते १९८२ च्या सुमारास जिलिंगम या इंग्लिश व्यावसायिक क्लबला आले. त्या बदल्यात क्रॉकनहिलला काय मिळाले याविषयी दोन कथा आहेत : कोणी ट्रॅकसूटचा संच सांगतात, कोणी मैदानासाठी पन्हळी पत्रे. ट्रॅकसूटची कथा अधिक प्रचलित आहे. पण अशा गोष्टी सांगता सांगता वाढतात, हे ध्यानात ठेवलेले बरे. १९८७ मध्ये ते मिलवॉल या लंडनच्या क्लबला गेले. तेथील सहकारी आघाडीपटू टेडी शेरिंगम यांच्याबरोबरची त्यांची जोडी गाजली आणि १९८८ मध्ये मिलवॉल प्रथमच अव्वल विभागात पोहोचला. पुढे ॲस्टन व्हिला (१९९०, सुमारे १५ लाख पौंड), सेल्टिक व चेल्सी येथे त्यांचा जम बसला नाही.

आयर्लंडकडून खेळण्याचा त्यांचा हक्क हा त्यांच्या चरित्रातील सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग होय. आईचे वडील मेयो परगण्यातील वेस्टपोर्टचे, या आधारावर १९८५ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध त्यांनी पदार्पण केले. आजोबा-आजीच्या नात्यावर इंग्लंडमध्ये जन्मलेले खेळाडू निवडण्याची आयर्लंडची रीत पुढे प्रशिक्षक जॅक चार्लटन यांच्या कारकिर्दीत सर्वपरिचित झाली. मात्र २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात कॅस्करिनो यांनी सांगितले, की आपली आई दत्तक होती व त्या आजोबांशी आपले रक्ताचे नाते नाही, हे १९९६ मध्ये तिच्याकडूनच कळले. स्वतःला त्यांनी तोतया आयरिश ठरवले. वृत्तपत्रांनी हीच बाजू उचलून धरली. आयरिश फुटबॉल संघटनेने मात्र ते नेहमीच पात्र होते असा निर्वाळा दिला. नागरिकत्वाचा प्रश्न रक्तापेक्षा कायद्याने ठरतो आणि दत्तविधानाने जडलेले नाते कायद्याला मान्य असते, हे पाहता संघटनेचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

८८ सामने व १९ गोल ही त्यांची आंतरराष्ट्रीय कामगिरी. यांतील बरेच सामने ते बदली खेळाडू म्हणून खेळले. ८८ सामने हा तेव्हा आयर्लंडचा विक्रम होता. स्टीव्ह स्टॉन्टन यांनी तो मोडला. १९९० च्या विश्वचषकात जेनोआ येथे रुमानियाविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्यांनी गोल केला. फटका मारताना बूट आधी जमिनीला घासला होता, तरी चेंडू जाळ्यात गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डब्लिनमध्ये इंग्लंडविरुद्ध त्यांनी बरोबरीचा गोल केला. नोव्हेंबर १९९९ मधील बुर्सा येथील तुर्कस्तानविरुद्धचा सामना त्यांचा अखेरचा ठरला.

कारकिर्दीचा उत्तरार्ध फ्रान्समध्ये गेला. लाचखोरी प्रकरणामुळे दुसऱ्या विभागात ढकलल्या गेलेल्या मार्सेल क्लबकडून १९९४ ते १९९६ या दोन हंगामांत त्यांनी लीगमध्ये ६१ गोल केले. तेथील प्रेक्षक त्यांना ‘टोनी गोल’ म्हणत. नंतर नान्सी या फ्रेंच क्लबकडून खेळताना त्यांनी १९९८ मध्ये दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवले. निवृत्तीनंतर वृत्तपत्रीय स्तंभलेखन, रेडिओवरील समालोचन व पोकर.