पिशवीचे पैसे मोजल्यावर मत का बदलतं?

प्लास्टिकच्या पिशवीवर कर लावण्याआधी आयर्लंडमध्ये लोकांना विचारून पाहिलं गेलं होतं: एका पिशवीसाठी जास्तीत जास्त किती मोजाल? सरासरी उत्तर आलं अडीच सेंटच्याही आतलं. सरकारने कर लावला १५ सेंट, म्हणजे लोकांच्या तयारीच्या सहापट. मुद्दामच. ४ मार्च २००२ ला तो लागू झाला. त्याआधी माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या खपत, त्या २१ वर आल्या. एवढं करून लोक चिडले का? नाही. कर बघता बघता अंगवळणी पडला आणि लोकांनी तो उचलूनही धरला.

आपल्याकडे बंदीची चर्चा निघाली की 'आधी जनजागृती करा, मग कायदा आणा' असं हमखास ऐकू येतं. अनुभव मात्र बऱ्याचदा उलटा आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांतल्या पिशवीला ५ पेन्स आकारायला सुरुवात झाली. संशोधकांनी लोकांची मतं आकारणीच्या आधी आणि पुन्हा नंतर तपासली. पाठिंबा वाढलेला दिसला, आणि तोही सगळ्या वयोगटांत, सगळ्या उत्पन्नगटांत. गंमत म्हणजे, प्लास्टिकच्या बाटल्यांवर पैसे आकारण्यालाही लोक आता जास्त अनुकूल झाले होते. आधी सवय बदलली, मत तिच्या मागून आलं.

पाच पेन्सने कोणाचं दिवाळं निघत नाही, मग एवढा फरक कशाने पडतो? अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीत याचं उत्तर सापडतं. तिथली काही दुकानं स्वतःची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंटची सूट देत होती; तिचा परिणाम जवळपास शून्य. मग २०१२ मध्ये तेवढाच, ५ सेंटचा, कर आला आणि दुकानाची पिशवी घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर उतरलं. मिळालेले पाच सेंट आपल्या लक्षातही राहत नाहीत, गेलेले पाच सेंट मात्र खुपतात. मानसशास्त्रात या प्रवृत्तीला तोट्याचा तिटकारा म्हणतात. शिवाय 'पिशवी देऊ का?' असं कोणी विचारलं की क्षणभर थांबून विचार करावा लागतो. फुकटची पिशवी आपण घेतो असं नाहीच, ती हातात येते.

महाराष्ट्राने पैशांऐवजी बंदीचा रस्ता धरला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर, तुंबलेल्या नाल्यांचं खापर पिशव्यांवर फुटल्यावर, ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मंडईतल्या गर्दीत ४० आणि ५० मायक्रॉनमधला फरक बोटांना कळणं अवघड. त्याला सूक्ष्ममापक लागतो. २०१८ मध्ये सरसकट कॅरीबॅगबंदी झाली, तेव्हा जाडीचा हा घोळ संपला. दंड पहिल्या खेपेस ५,००० रुपये. तरी भाजीवाल्याची अडचण तशीच राहिली: पिशवी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गाड्यावर जातं. सगळ्यांनी एकदम नाही म्हटलं तरच एकट्याचं नुकसान टळतं. आयर्लंडमध्ये नेमकं हेच साधलं होतं. कर दुकानदाराने स्वतःच्या खिशातून भरायचा नाही, गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा आणि पावतीवर वेगळा दाखवायचा, अशी अटच होती.

बंदीच्या धामधुमीत 'कापडी' म्हणून एक पिशवी घरोघर शिरली. ती उजेडाकडे धरून पाहा. उभे-आडवे धागे दिसणार नाहीत, दिसतील ओळीने दाबलेले बारीक ठिपके. पॉलिप्रोपिलीनचे तंतू गरम रुळांखाली चिकटवून ती बनते. विणलेली ती नसतेच. कडेचा एक तंतू चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. सुताची राख होते, हा तंतू आक्रसतो आणि त्याचा कडक मणी बनतो. म्हणजे प्लास्टिकच.

खऱ्या सुती पिशवीचंही गणित सोपं नाही. २०१८ च्या एका डॅनिश सरकारी अभ्यासानुसार, फक्त हवामानबदल मोजला तरी नवी सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरल्यावर प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते; पर्यावरणाचे इतर परिणाम धरले तर हा आकडा हजारांत जातो. समुद्रात आणि गटारात पोचणारा कचरा मात्र त्या हिशेबात धरलेला नव्हता. आणि हे सगळं नव्या पिशवीचं गणित. जुन्या पँटची किंवा साडीची शिवलेली पिशवी यात येत नाही, कारण तिचा कापूस पूर्वीच पिकून, विणून, वापरून झालेला असतो.

पिशवीला किंमत लावण्याचा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही, असं मात्र नाही. केंद्राच्या २०११ च्या नियमांत दुकानदाराने कॅरीबॅग फुकट देऊ नये, असं स्पष्ट होतं. किमतीचं हे कलम २०१८ च्या दुरुस्तीत वगळलं गेलं. पुढच्याच वर्षी चंदीगडच्या ग्राहक मंचाने कागदी पिशवीचे ३ रुपये घेतले म्हणून बाटा कंपनीला ९,००० रुपये भरायला लावले. पिशवी फुकट देणं दुकानाचंच काम, असं मंचाचं म्हणणं होतं. कागदी पिशवीवर कंपनीची जाहिरात छापलेली होती, तेव्हा ग्राहकाची तक्रार रास्तच. पण आयर्लंडमध्ये ज्या पैशांनी सवय मोडली, तेच पैसे मागणं आपल्याकडे ग्राहकाची लूट ठरतं, आणि दंडाची भीती दाखवून मात्र पिशवी सुटेल अशी अपेक्षा असते.