किडनी सावरते ती ऊर्जेवर

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो. रावेर-यावलच्या केळीबागेत राबणाऱ्या मजुराला त्यात जुलाब लागले, अंग ठणकते म्हणून त्याने डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेतली, की लघवी आटते. पावसाळ्यात घोणस चावल्यावरही किडनी अशीच अचानक बंद पडू शकते.

या आजाराची आधुनिक ओळख १९४१ची. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांच्या किडन्या बंद पडल्याचे बायवॉटर्स आणि बील यांनी नोंदवले. पुढे डायलिसिसने माणूस तगू लागला, पण पेशी आतून कशी सावरते याचा शोध बराच उशिरा लागला.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांना मिळतो. तरीही किडनीच्या आतल्या गाभ्यात ऑक्सिजनचा दाब जेमतेम १० ते २० मिमी पारा असतो. तिथला रक्तप्रवाह टिकवणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही शरीरातील रसायने डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या अडवतात, म्हणून पाणी आटलेल्या शरीरात त्या घातक ठरतात. क्षार परत शोषणाऱ्या नलिकापेशी मुख्यतः मेदाम्ले जाळून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, मिळवतात आणि त्याला ऑक्सिजन लागतोच. तो तुटला की काही मिनिटांत एटीपी घसरतो, पेशीतून सोडियम बाहेर टाकणारा पंप थांबतो, पेशी फुगते आणि सुटलेल्या पेशींनी नलिका तुंबते.

रक्त पुन्हा खेळू लागले म्हणजे काम झाले, असे नाही. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रे, मोडलेली असतील तर मेद जळण्याऐवजी पेशीत साचतो, दुरुस्ती अर्धवट राहते आणि तिथे तंतुमय व्रण धरतो. १९८०मध्ये सीगल व सहकाऱ्यांनी उंदरांना इजेनंतर एटीपी-मॅग्नेशियम क्लोराइड दिले, तेव्हा किडनी लवकर सावरली. २०१५च्या अभ्यासात मेदाम्ले न जळणे आणि तंतुमयता यांचा थेट संबंध दिसला. २०१६मध्ये कळले की पीजीसी-१अल्फा हे प्रथिन एनएडी (ऊर्जानिर्मितीला लागणारा रेणू) तयार करण्याची वाट खुली करून किडनीला वाचवते. त्यावरून २०१८मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर निकोटिनामाइडची (बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, ज्यापासून एनएडी बनते) छोटी प्राथमिक चाचणी झाली. तेवढ्यावरून बी-३च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. हा अजून मान्य उपचार नाही.

दवाखान्यातून सुटताना रक्तातले क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) उतरलेले दिसते, पण आजारपणात स्नायू झिजल्यानेही ते कमी येते. म्हणून तीन महिन्यांनी क्रिएटिनिनसोबत लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासावे, आणि तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक घेऊ नये.