अंधारातला फोटो: हललेला की दाणेदार?

कमी प्रकाशातला फोटो बहुतेक वेळा दोन कारणांनी बिघडतो. एक तर तो हलतो, नाहीतर त्यात दाणे येतात. एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवतो, म्हणून आधी फोटो मोठा करून पाहा. दिव्याचा ठिपका लांबट झाला असेल, पापणीचे केस दुहेरी दिसत असतील, तर तो हललाय. कडा जागेवर आहेत, पण सावलीत रंगीत ठिपके आहेत, तर ते दाणे, म्हणजेच नॉइज.

दाण्यांचं खापर सगळे आयएसओवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या फोटो उजळ करणाऱ्या सेटिंगवर फोडतात. ते चूक आहे. प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि फोटॉन काही मोजून-मापून पडत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडणार असतील, तर प्रत्यक्षात इथे ९२ पडतात, शेजारी १०७. हा चढउतार साधारण संख्येच्या वर्गमुळाइतका असतो: १०० ला १०, म्हणजे दहा टक्के, १०,००० ला १००, म्हणजे जेमतेम एक टक्का. दाणे येतात ते मुख्यतः प्रकाश तोकडा पडल्यामुळे. आयएसओ फक्त मिळालेला संकेत वाढवतो. तो घाबरून कमी ठेवला आणि काळपट फोटो नंतर उजळला, तर दाणे तेवढेच दिसतात, कित्येकदा जास्त.

म्हणून आधी लेन्सचं छिद्र मोठं करा. छिद्राचं माप एफ-आकड्यात देतात; आकडा लहान, तर छिद्र मोठं. एफ/४ च्या जागी एफ/१.८ ठेवलं की जवळपास पाचपट प्रकाश आत येतो. मात्र फोकसची खोली कमी होते. डोळा स्पष्ट आणि कान धूसर, असं होऊ शकतं.

मग शटर, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा ते. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स हातात धरून शटर १/५० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवू नये, असा जुना ठोकताळा आहे. स्टॅबिलायझेशन, म्हणजे कंप सावरणारी सोय असेल तर बराच जास्त वेळ ठेवता येतं, पण स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताचा कंप सावरतं. पळणाऱ्या मुलाला ते थांबवू शकत नाही. तिथे १/२५० सेकंद लागतंच, मग आयएसओ ६४०० झाला तरी बेधडक होऊ द्या. दाणे नंतर सॉफ्टवेअरने कमी करता येतात, हललेला चेहरा सहसा सावरत नाही.

फोनचा नाइट मोड वर्गमुळाचं हेच गणित वापरतो. एकामागोमाग काढलेल्या १६ फोटोंची सरासरी काढली की नॉइज चौथाईवर येतो. अर्थात समोरचं दृश्य स्थिर हवं.

राहिला फोकस. ऑटोफोकसला उजेड-काळोखाची ठळक सीमा लागते. सपाट गालावर तो चाचपडत राहतो. चष्म्याची काडी किंवा शर्टाची कॉलर दिली की चटकन बसतो.